कोवळ्या मनाची मोजपट्टी : जबलपूरच्या संदर्भात करमणूक आणि वय यांचा विचार

मुलांनी काय वाचावे, काय पाहावे आणि कोणत्या वयात पाहावे, या प्रश्नाचा विचार मराठीत दोन निरनिराळ्या ठिकाणी झालेला आढळतो. एक ठिकाण बालवाङ्मयाच्या इतिहासाचे. तेथे संस्कार, बोध आणि रंजन या तीन शब्दांभोवती चर्चा फिरते आणि मूल हे प्रत्यक्ष वाचक म्हणून गृहीत धरलेले असते. दुसरे ठिकाण अश्लीलतेच्या खटल्यांचे आणि चित्रपट परिनिरीक्षणाच्या कायद्यांचे. तेथे मूल वाचक नसते, प्रेक्षकही नसते. मोठ्यांनी काय वाचावे हे ठरवण्यासाठी हाती घेतलेली ती एक मोजपट्टी असते. या दोन चर्चा एकमेकींना फारशा भेटत नाहीत. बालवाङ्मयाचा अभ्यासक न्यायालयाचे निकाल वाचत नाही आणि अश्लीलतेच्या खटल्यांचा इतिहास लिहिणारा बालकवितेकडे वळत नाही. त्यामुळे ‘कोवळे मन’ ही कल्पना दोन्हीकडे तपासली न जाताच वापरात राहिली आहे.

या दोन चर्चा शेजारी शेजारी ठेवून पाहण्यास जबलपूर हे शहर सोयीचे आहे. हिंदी प्रदेशातील हे शहर मराठीला परके नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस गढा-मंडला प्रदेश प्रथम सागरच्या मराठ्यांकडे व नंतर नागपूरकर भोसल्यांकडे गेला. तो अंमल १८१७मध्ये संपला. पुढे रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना, टपाल-तार आणि न्यायखाते यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येत राहिली. १९२०मध्ये येथूनच ‘कर्मवीर’ हे हिंदी पत्र सुरू झाले. त्याच्या उभारणीत पुढाकार घेणारे माधवराव सप्रे मराठीभाषक होते आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ यांना हिंदीत आणण्याचे श्रेय त्यांचेच आहे. मध्य प्रांत व वऱ्हाड या द्विभाषिक प्रांताच्या काळात नागपूर आणि जबलपूर या एकाच राजकीय घराच्या दोन खोल्या होत्या. १९२३चा झेंडा सत्याग्रह जबलपुरात पेटला आणि नागपुरात विस्तारला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे घर विभागले गेले. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि त्या राज्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ तेथे आले. घरातली भाषा मराठी आणि शाळेतली हिंदी असे बालपण येथील मराठी मुलांच्या वाट्याला आले. साहजिकच ‘झाशीची राणी’ त्यांना शाळेत एका भाषेत भेटली आणि घरी दुसऱ्या भाषेत.

शाळेत भेटणारी ती कविता लिहिणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान विवाहानंतर जबलपुरातच राहिल्या. झेंडा सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला, ‘मुकुल’ हा त्यांचा संग्रह १९३०मध्ये आला आणि १५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरहून परतताना मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. ‘झाँसी की रानी’ या कवितेने त्यांची इतर कविता झाकून टाकली, असे म्हणण्यास हरकत नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्यांची ‘सभा का खेल’ ही मुलांसाठी लिहिलेली कविता अधिक महत्त्वाची आहे. तिचा विचार थोडा सविस्तर करावा लागेल.

कवितेतली मुले सभेचा खेळ मांडतात. बोलणारा मुलगा स्वतःकडे गांधीजींची भूमिका घेतो, धाकट्याला नेहरू करतो आणि बहिणीला सरोजिनी नायडू. मग वेशभूषेचा प्रश्न येतो. गांधीजींचे काम लंगोटी आणि गमछ्यावर भागते, धाकटा पेटीतून खादीचा सदरा काढून आणणार, पण सरोजिनीबाईंना साडी चांगलीच हवी! दोघा मुलांना पोलिस केले जाते. लाठ्या चालवणे हे त्यांचे काम, आणि भाषण करणाऱ्यांचे काम घायाळ होण्याचे, मरण्याचे. येथे धाकटा अडून बसतो. आपण मार खाणार नाही, कोणी मारले तर आपणही मारू, असे तो सांगतो. थोरला त्याला दोन उत्तरे देतो. पहिले तत्त्वाचे : नेहरू झाल्यावर गांधीजींचे ऐकून मार खायला नको का? दुसरे व्यवहाराचे : खेळातला मार खोटा असतो, त्याने लागत नाही.

हे दुसरे उत्तर लहान वाटले तरी त्यात नाट्यव्यवहाराची एक पुरी कल्पना सामावलेली आहे. लाठीमार ही त्या काळातली प्रत्यक्ष घटना. या मुलांच्या घरादाराने ती पाहिलेली. ती खेळात येते तेव्हा खरी आणि खोटी यांतला भेद मुलांना कोणी समजावून द्यावा लागत नाही. तो त्यांनीच केलेला आहे आणि एक मूल तो दुसऱ्या मुलाला सांगते. मोठे माणूस या ठिकाणी उपस्थितच नाही.

कवितेचा शेवट तर आणखी लक्षणीय आहे. चरखा, खादी, हिंदू-मुस्लिम ऐक्य, विदेशी वस्तूंचा त्याग अशी भाषणे रंगात आलेली असतानाच काका घरी येतात. नेहरू खुर्ची सोडून पळतात. आता सिनेमाला जायचे, घोरी आणि दीक्षित यांना पाहायचे, केक-मिठाई खायची! सभा काय, पुन्हा भरेल. सरोजिनी पुन्हा होता येईल. तोवर थोडा वेळ घोरी-दीक्षितच होऊ, उड्या मारू, मोटार पळवू, असे म्हणत मुले निघतात. घोरी आणि दीक्षित ही १९३०नंतरच्या दशकात रणजित मूव्हीटोनच्या विनोदी चित्रपटांतून गाजलेली जोडी. तिची तुलना त्या वेळी लॉरेल आणि हार्डी यांच्याशी होत असे, आणि तिच्यातले मनोहर दीक्षित हे मराठी नट. कविता त्यामुळे या जोडीच्या लोकप्रियतेच्या आधीची असू शकत नाही. राष्ट्रीय काव्यधारेच्या विवेचनात या कवितेचा पूर्वार्ध सहसा घेतला जातो आणि उत्तरार्ध गाळला जातो, हे समजण्यासारखे आहे. सत्याग्रहाची सभा सोडून सिनेमाला पळणारे नेहरू राष्ट्रीय वाचनात बसत नाहीत.

तथापि कवितेचे बळ तेथेच आहे. तुरुंगात जाऊन आलेल्या, घरात पोरे वाढवणाऱ्या कवयित्रीने सभा आणि सिनेमा यांत उच्च-नीच लावलेले नाही. मुले एका भूमिकेतून दुसऱ्या भूमिकेत जातात. कोणी त्यांना रागावत नाही आणि शेवटी बोधाची ओळही येत नाही. मराठीत त्याच सुमारास लिहिल्या गेलेल्या बालकवितेशी ताडून पाहिल्यास हा मोकळेपणा उठून दिसतो. मराठी बालकविता खेळाला आणि निसर्गाला तेव्हा सरावली होती. बाजारातल्या करमणुकीला मात्र ती दारातून आत घेण्यास सहसा तयार नव्हती.

तिकडे राज्यकर्त्यांना आणि सुधारकांना नेमकी हीच बाजारातली करमणूक सलत होती. भारतातील सिनेमाच्या चौकशीसाठी टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली १९२७मध्ये नेमलेल्या समितीने मुलांवर होणाऱ्या परिणामाचाही विचार केला; तिचा अहवाल १९२८चा. केवळ प्रौढांसाठी असा वेगळा दाखला देण्याची तरतूद प्रत्यक्षात १९४९च्या दुरुस्तीने आली आणि ‘यू’ व ‘ए’ ही अक्षरे चित्रपटगृहांच्या फलकांवर दिसू लागली. १९५४मध्ये दिल्लीतील सुमारे तेरा हजार स्त्रियांनी सिनेमाच्या दुष्परिणामांविरुद्ध पंतप्रधानांकडे अर्ज केला. कवितेतले नेहरू सिनेमाला पळाले होते. अर्ज खऱ्या नेहरूंकडे गेला. त्याच वर्षी लीलावती मुन्शी यांनी राज्यसभेत अनिष्ट चित्रपटांविषयीचा ठराव मांडला. १९५५मध्ये बालचित्र समिती स्थापन झाली. वाईट करमणूक अडवावी आणि तिच्या जागी चांगली द्यावी, असे हे दुहेरी धोरण होते. पहिला भाग कायद्याने करता येण्यासारखा होता. दुसऱ्या भागासाठी मुलांना आवडेल असे काही निर्माण करावे लागते, आणि ते शासनाच्या हातचे नाही, हे पुढील अनेक वर्षांच्या अनुभवाने दाखवले.

वाईट करमणुकीचा शोध लवकरच पुस्तकांकडे वळला. अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम यांचे भयकथांच्या चित्रमालिकांवर तुटून पडणारे पुस्तक १९५४मध्ये आले आणि त्याच वर्षी तेथील प्रकाशकांनी स्वतःसाठी आचारसंहिता करून घेतली. ब्रिटनने १९५५मध्ये कायदा केला. भारताने १९५६च्या अखेरीस, म्हणजे जबलपूरच्या उच्च न्यायालयाला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, तरुण व्यक्तींसाठी अपायकारक असलेल्या प्रकाशनांविषयीचा कायदा मंजूर केला. गुन्हे, हिंसा, क्रौर्य किंवा किळसवाणे व भयंकर प्रसंग यांचे मुख्यतः चित्रण करणारे आणि एकंदरीत तरुणाला बिघडवण्याकडे कल असणारे प्रकाशन ‘अपायकारक’ ठरले.

या व्याख्येतल्या शब्दांकडे मराठी घरातून पाहिले म्हणजे गंमत दिसते. १९५२मध्ये मराठीत सुरू झालेल्या ‘चांदोबा’त विक्रमराजा मध्यरात्री स्मशानात जाऊन झाडावरचे प्रेत खांद्यावर टाकतो, आणि ही गोष्ट आजी नातवंडांना वाचून दाखवते. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला होतो, आणि त्या किल्ल्याच्या मागे उभी असलेली, चौथीच्या वयात तोंडपाठ झालेली कथा अफझलखानाचे पोट फाडण्याची असते. जबलपूरच्या शाळेत म्हटली जाणारी झाशीच्या राणीची कविता ही तर युद्धाचीच कविता. यांतले काहीही कोणी अपायकारक मानले नाही आणि मानणारही नव्हते. व्याख्या हिंसेची होती. निवड मात्र हिंसा कोणाची आणि कोणासाठी यावर होत होती. ज्या हिंसेचा मोठ्यांना अभिमान तिला ‘संस्कार’ म्हणायचे आणि जी परदेशातून, स्वस्त कागदावर, रंगीत चित्रांतून येते तिला ‘विकृती’ म्हणायचे, हा भेद साहित्यिक नव्हे. त्याचे समर्थन होऊ शकत नाही असे नाही. कथेच्या मागे समाजाची स्मृती उभी असते तेव्हा मूल हिंसेला एका अर्थाच्या चौकटीत पाहते, हा युक्तिवाद विचारार्ह आहे. परंतु कायद्याने तो युक्तिवाद केला नाही. त्याने केवळ ‘बिघडवणे’ हे क्रियापद वापरले.

बिघडणे, वाया जाणे, वाईट वळण लागणे, शिंगे फुटणे : मराठीत या अवस्थेसाठी शब्दांची वाण नाही. यांतले पहिले तीन भीतीचे आहेत, चौथा वैतागाचा. वाढत्या वयासाठी स्वतंत्र, निर्भय असा शब्द शोधू गेल्यास ‘कुमार’ आणि ‘किशोर’ हे संस्कृतातून आलेले शब्दच हाती लागतात, आणि तेही मुख्यतः वाङ्मयप्रकाराचे नाव म्हणून. ‘कुमारवाङ्मय’ म्हटले की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवतो : चौकस, धाडसी, सदैव सायकलवर असलेला, आणि वयात येण्याच्या कोणत्याही खुणेपासून मुक्त. हिंदीतही ‘किशोर साहित्य’ याच सीमेवर थांबलेले दिसते. दोन्ही भाषांत कुमारांना साहस मिळाले. त्यांच्या मनात चाललेल्या दुसऱ्या उलथापालथीविषयी मात्र त्यांना मोठ्यांच्या पुस्तकांतूनच चोरून कळले. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि चंद्रकांत काकोडकरांच्या प्रेमकादंबऱ्या यांचा पाठ्यपुस्तकाखाली लपवलेला वाचक हा या पोकळीतून तयार झालेला वाचक होता.

कायद्याला हा वाचक कोण वाटत होता? वयाचे आकडे पाहिल्यास उत्तर चमत्कारिक मिळते. १९५६च्या कायद्याने ‘तरुण व्यक्ती’ म्हणजे वीस वर्षांखालील व्यक्ती. अश्लील वस्तू तरुणाला विकण्याविषयीच्या भारतीय दंडसंहितेतील २९३व्या कलमातही वीसच. चित्रपटाच्या कायद्यात मात्र अठरा पूर्ण झाले की प्रौढ. आणि १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने वधूचे किमान वय होते पंधरा! म्हणजे सोळा वर्षांची मुलगी संसार करू शकत होती, एकोणिसाव्या वर्षी ती ‘ए’ दाखल्याचा चित्रपट पाहू शकत होती, पण तेव्हाही भयकथांचे मासिक तिच्या हाती पडल्यास ती बिघडेल अशी कायद्याला चिंता होती. वधूचे वय १९७८च्या दुरुस्तीने अठरा झाले. हे आकडे निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या कारणांनी ठरले हे खरे; पण त्यांच्यातली विसंगती कोणालाही खुपली नाही, कारण त्यांचा विषय असलेली व्यक्ती प्रत्यक्षात कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हती.

मोजपट्टी म्हणून मूल न्यायालयात कसे आले, याची सुरुवात इंग्लंडातली आहे. १८६८च्या हिक्लिन खटल्यात एका कॅथलिकविरोधी पत्रकाचा प्रश्न होता. ज्यांची मने अशा अनिष्ट प्रभावांना खुली आहेत त्यांना भ्रष्ट करण्याकडे लेखनाचा कल आहे काय, ही कसोटी तेथे मांडली गेली, आणि तरुण मुलामुलींचा उल्लेख त्या निकालातच आला. पत्रक कोणासाठी लिहिले होते हे गौण ठरले. ते कोणाच्या हाती पडू शकेल हे मुख्य ठरले. भारतीय न्यायालयांनी ही कसोटी स्वीकारली. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वरील खटले आणि मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वरील खटला याच वातावरणात घडले. मर्ढेकरांची कविता चुकून एखाद्या शाळकरी मुलाच्या हाती पडली असती तर तो बिघडण्यापेक्षा गोंधळला असता, हे कोणत्याही मराठी शिक्षकाने सांगितले असते. असो.

येथे जबलपूरचा दुसरा धागा येतो. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला हे याच प्रांतातले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूरच्या विधी महाविद्यालयात अध्यापन केलेले, नागपूर उच्च न्यायालयाचे अखेरचे मुख्य न्यायमूर्ती. १९५६ ते १९५८ ते जबलपुरात होते आणि १९५८च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात गेले. करमणूक, अश्लीलता आणि वय यांविषयी स्वतंत्र भारतात जे न्यायशास्त्र घडले, त्याच्या दोन टोकांवर त्यांचेच निकाल आहेत.

पहिला १९६४चा. मुंबईच्या एका पुस्तकविक्रीच्या दुकानात डी. एच. लॉरेन्स यांची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी विकल्याबद्दल रणजित उदेशी यांना शिक्षा झाली होती. चार वर्षांपूर्वी इंग्लंडात पेंग्विन प्रकाशन याच पुस्तकाच्या खटल्यातून सुटले होते. हिदायतुल्ला यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने निकाल लिहिताना हिक्लिनची कसोटी टाकून देण्यास नकार दिला आणि शिक्षा कायम केली. निकाल वाङ्मयाविषयी उदासीन नाही, किंबहुना लॉरेन्सची चर्चा त्यात आस्थेने केलेली आहे. तरीही शेवटी मोजपट्टी तीच राहिली. इंग्रजी कादंबरी विकत घेऊन वाचू शकणारा वाचक मुंबईत कोण होता, याचा हिशेब त्या मोजपट्टीत नव्हता.

दुसरा प्रसंग शुद्ध मराठी आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा आली. खालच्या न्यायालयात सुटका झाली. उच्च न्यायालयाने लेखक आणि मुद्रक-प्रकाशक यांना प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला. रक्कम क्षुल्लक, पण प्रश्न दंडाचा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये हा निर्णय फिरवला. न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांच्या या निकालात तीन गोष्टी आहेत. कथेला फार वाङ्मयीन मोल आहे असे न्यायालयाने मानले नाही. दुसरे, प्रौढांना आणि कुमारांना प्रेम व शृंगार असलेले पुष्कळ वाङ्मय आज उपलब्ध आहे, आणि पाव शतकापूर्वी जे अनुचित वाटले असते ते चित्रपटांतून कुमार सहजपणे पाहतात, याची दखल घेतली. तिसरे, एखाद्या अपवादात्मक वाचकावर नव्हे, तर वाचकांच्या एका वर्गावर काय परिणाम होईल ते पाहायचे, असे ठरवले. सामान्य दर्जाच्या मराठी प्रेमकथेने हे काम करावे, यात विरोधाभास नाही. श्रेष्ठ कलाकृतीला तिच्या कलात्मकतेचा आधार असतो. ‘श्यामा’ला तसा आधार नसल्यामुळेच न्यायालयाला वाचकाकडे पाहावे लागले. भारतीय निकालांत कुमार वाचक एक प्रत्यक्ष, सवयींचा, बदलत्या काळातला माणूस म्हणून दिसतो तो बहुधा येथे. तोपर्यंत तो केवळ एक शक्यता होता.

वर्षभराने, सप्टेंबर १९७०मध्ये, सरन्यायाधीश झालेल्या हिदायतुल्लांसमोर ख्वाजा अहमद अब्बास यांचा खटला आला. मुलाला केंद्रस्थानी ठेवून ‘मुन्ना’ काढणाऱ्या या दिग्दर्शकाने चार महानगरांतील श्रीमंती आणि दारिद्र्य दाखवणारा छोटा माहितीपट केला होता. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीतली दृश्ये असल्यामुळे त्याला ‘ए’ दाखला मिळाला. अब्बास न्यायालयात गेले. सुनावणी चालू असतानाच सरकारने काहीही न कापता ‘यू’ दाखला देण्याची तयारी दाखवली. म्हणजे ही दृश्ये मुलांनी पाहावीत की नाही, हा मूळ प्रश्न कोणतेही कारण न देता निकालात निघाला! उरला तो पूर्वपरिनिरीक्षणाच्या वैधतेचा प्रश्न.

त्या प्रश्नावरील निकालात हिदायतुल्ला दोन विधाने करतात, आणि ती एकमेकांना ओढून धरतात. चित्रपट इतर कलांहून अधिक खोलवर भावना ढवळतो. मुले आणि कुमार अपरिपक्व असल्यामुळे समोरचे खरे मानण्यास अधिक तत्पर असतात. म्हणून परिनिरीक्षण आणि वयानुसार वर्गीकरण योग्य. हे एक. त्याच निकालात, समाजातल्या सर्वांत दुबळ्या आणि सर्वांत भ्रष्ट घटकाच्या रक्षणासाठी निरोगी माणसाने काय पाहावे व वाचावे हे ठरू नये, असेही ते म्हणतात. १९६४मध्ये हिक्लिनला धरून राहिलेल्या न्यायमूर्तींनी सहा वर्षांत येथवर यावे, हा मोठा प्रवास आहे. वर्गीकरण हा त्यातला पूल. मूल वेगळे काढले की प्रौढ मोकळा होतो. वेगळ्या काढलेल्या मुलाचे पुढे काय, हा प्रश्न निकालाच्या कक्षेत नव्हता.

पहिल्या विधानापाशी मात्र ‘सभा का खेल’ पुन्हा समोर ठेवावीशी वाटते. मुले समोरचे खरे मानतात, असे निकाल म्हणतो. खेळातला मार खोटा असतो, असे कवितेतले मूल म्हणते. दोन्ही विधाने जबलपूरशी नाते असलेल्या व्यक्तींची आहेत. एक विधान प्रेक्षागृहात अंधारात बसलेल्या मुलाविषयीचे आहे, दुसरे अंगणात खेळणाऱ्या मुलाविषयीचे. म्हणून त्यांचा थेट विरोध मानणे योग्य होणार नाही. परंतु कवितेतली मुले सिनेमा पाहण्यापूर्वीच घोरी-दीक्षित ‘होण्याचा’ बेत करतात, हे विसरता येत नाही. त्यांच्यासाठी चित्रपट हा गिळून टाकण्याचा पदार्थ नसून पुढच्या खेळाचा कच्चा माल आहे. कायद्याच्या कल्पनेतला प्रेक्षक निष्क्रिय असतो आणि म्हणून त्याच्यावर ‘परिणाम’ होतो. कवितेतला प्रेक्षक घरी येऊन तेच पुन्हा आपल्या पद्धतीने करतो. मुलाच्या अशा सक्रियतेत धोका नसतो असे नाही. ‘शक्तिमान’ मालिकेच्या काळात, १९९७नंतर, अनुकरणातून मुलांना इजा झाल्याच्या बातम्यांनी पालक हवालदिल झाले होते आणि मालिकेतूनच मुलांना समज द्यावी लागली होती. तरीही दाखल्याचे अक्षर या व्यवहाराला पुरे पडत नाही.

१९७०नंतर मराठीत काय घडले ते थोडक्यात पाहता येते. पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले. रंजन आणि ज्ञान यांचा उत्तम मेळ त्याने घातला, पण ‘कुमार’च्या जुन्या मर्यादेत राहून. चित्रपटांत १९८३पासून ‘यूए’ हा मधला दाखला आला आणि बारा वर्षांखालील मुलांचा निर्णय पालकांवर सोपवला गेला. बारा आणि अठरा यांच्यामधल्या वयाला मात्र तेव्हाही स्वतःचे अक्षर मिळाले नाही. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) आणि रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ (२०१३) यांनी या वयाला केंद्रस्थान दिले. दोन्ही कृती मागे वळून पाहतात, हे लक्षणीय आहे : एक आणीबाणीच्या काळाकडे, दुसरी व्हिडिओ कॅसेटच्या काळाकडे. आजच्या कुमाराशी त्याच्या आजविषयी बोलण्यापेक्षा मोठ्यांनी आपले कालचे कौमार्य आठवणे मराठीत अजून सोपे जाते.

कायद्यातले आकडे अलीकडे जुळू लागले आहेत. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अश्लील वस्तू विकण्याविषयीच्या कलमातले वीस वर्षांचे वय जाऊन अठरा आले. चित्रपट कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा असे तीन टप्पे केले, त्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती ऑगस्ट २०२३च्या आरंभी मिळाली. त्याच महिन्यात, ११ तारखेला, अमित राय दिग्दर्शित ‘ओएमजी २’ प्रदर्शित झाला. मध्य प्रदेशातल्या एका शाळकरी मुलाला लैंगिक अज्ञानातून अपमान सोसावा लागतो, शाळा त्याला काढून टाकते, त्याचा बाप न्यायालयात जातो आणि शाळेत लैंगिक शिक्षण द्यावे अशी मागणी करतो, असे त्याचे कथानक. प्रमाणन मंडळाने अनेक बदल सुचवून त्याला ‘ए’ दाखला दिला. सात, तेरा आणि सोळा या टप्प्यांचे नियम मार्च २०२४मध्ये आले. तोवर ज्या वयाच्या मुलासाठी हा न्यायालयीन वाद पडद्यावर मांडला होता, त्या वयाच्या मुलाला जबलपूरच्या किंवा नागपूरच्या चित्रपटगृहात तो पाहण्याची परवानगी नव्हती.